पणजोबा जाळलेल्यांत नव्हते

माझी पणजी खाडीत मुळे काढायची. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायची, वाकून बोटांनी चाचपत एकेक शिंपला टोपलीत टाकायची आणि भरतीचं पाणी मांड्यांना लागलं की बाहेर यायची. मुळे मिळत नसतील त्या दिवसांत रानातून लाकडाची मोळी आणायची आणि बंदराच्या गावात दारोदार विकायची. तिचा एकच मुलगा, म्हणजे माझे आजोबा. नीट चालता येऊ लागलं तसे ते दुसऱ्यांच्या गुरांमागे गेले. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली. आमची वस्ती गावापासून लांब, उताराला. पाणी मिळायचं ते सगळ्यांचं भरून झाल्यावर. पेज शिजायची तीही दिवसातून एकदा. रत्नागिरीकडच्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत तेव्हा असंच होतं, त्यामुळं त्याबद्दल कुणी रडत बसलं नाही.

रडू यायचं ते लोकांच्या बोलण्याचं.

पणजोबा मुंबईत एका गोऱ्या इंजिनिअरकडे बटलर होते. स्वयंपाक, टेबल, कपडे, सगळं तेच बघायचे. साहेबाची बदली सिंगापूरला झाली आणि सवयीचा माणूस म्हणून साहेबानं त्यांना बरोबर नेलं. जायच्या आधी ते शिमग्याला गावी येऊन गेले. आजोबा तेव्हा रांगत होते. पणजोबा बोटीवर चढले, आणि त्यानंतर त्यांची काही खबर आली नाही.

थोडे दिवस गावानं वाट पाहिली. मग परस्पर निकाल लावून टाकला, की गड्यानं तिकडं दुसरी केली. पाणवठ्यावर भांडण झालं की बाया पणजीला म्हणायच्या, "आधी तुझा घोव सांभाळ! मडमेच्या मांडीवर निजलाय तिकडं." आजोबांच्या लग्नात, पुढं आजोबांच्या मुलांच्या लग्नात, पानावर बसल्या बसल्या कुणीतरी विचारायचंच, "काय, सिंगापूरवाले नाय आले?" आणि सगळी पंगत हसायची.

पणजीनं कुंकू पुसलं नाही. विधवा म्हणावी तर नवरा मेल्याची खबर नाही. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही. कुणी तिची ओटी भरली नाही, आणि विधवा बायांनीही तिला आपल्यात धरलं नाही. मरेपर्यंत ती अशीच मधल्यामध्ये राहिली. आजोबा गेले तेही बापाचं काही न कळताच. मग ते ओझं माझ्या बाबांकडं आलं. बाबा फार बोलणारे नाहीत, पण ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले.

"आमचा आजा मेला की पळाला, एवढंच मला कळलं पायजे," ते म्हणायचे. "मेला असंल तर मेला. पळाला असंल तर पळाला. पण कायतरी एक."

बाबा चौथी शिकले, पुढं एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि त्यांच्या पगारावर मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी माझी गुणपत्रिका कचेरीतल्या मोठ्या साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली होती, आणि मला त्याचा जराही संकोच वाटला नव्हता. मग पुण्यात नोकरी, कॉस्टिंगच्या परीक्षा, लग्न, आणि शेवटी सिंगापूर. सिंगापूरचं ठरलं तेव्हा गावाला हसायला नवं निमित्त मिळालं. "पणज्याच्या वाटेनं निघाली! बघा, परत येते का!" बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तिकडं गेलीस की बघ गो बाय. तुला कागद वाचता येतात."

इथली पहिली वर्षं नोकरीचा पास, भाड्याचा फ्लॅट आणि मुलीची शाळा यांतच गेली. पी.आर., म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, हाउसिंग बोर्डाचा स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हा कुठं मान वर करायला सवड मिळाली. पण शोधायचं म्हणजे कुठून सुरू करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला एका आयरिश बाईनं दाखवलं.

ही आमच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात ऑडिटला आहे. माझ्याहून वयानं मोठी, मोठ्यानं हसणारी, आकड्यांच्या बाबतीत कुणाचीही गय न करणारी. दुपारी आम्ही दोघी जवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवतो. एक दिवस ती ताटलीसमोर बसली, पण जेवेचना.

"सापडली," म्हणाली.

"कोण?"

"माझी पणजी. मेलेली."

तिच्या घरी सांगत, की पणजी अमेरिकेला गेली आणि तिकडंच राहिली. नवरा, मुलं आयर्लंडात, आणि ही एकटी अमेरिकेत. तिचा ना बोटीच्या याद्यांत पत्ता, ना अमेरिकेतल्या कागदांत. त्यांच्याकडं मृत्यूच्या सरकारी नोंदी फार पूर्वीपासून आहेत, पण गावच्या नोंदींतही ती नव्हती. पूर्वजांचे कागद शोधायचा नाद आयरिश लोकांत घरोघरी असतो, असं तिनं सांगितलं. निम्मा देश पोटासाठी बाहेर पडलेला, त्यामुळं प्रत्येक घरात कुणी ना कुणी हरवलेलं. ही दरवेळी सुट्टीला गेली की पणजीला शोधायची. शेवटी तिनं आपल्या गावचा नाद सोडला आणि शेजारच्या भागातल्या नोंदी काढल्या, कारण तिथं गरिबखाना होता. ज्यांना खायला नाही त्यांना तिथं ठेवायचे आणि मरेस्तोवर राबवायचे. पणजी तिथं मेली होती. अमेरिका वगैरे काही नव्हती.

"मग घरचे खोटं का बोलले?" मी विचारलं.

"लाज," ती म्हणाली. "आपलं माणूस गरिबखान्यात मेलं हे कसं सांगायचं? अमेरिका म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही."

"तुमच्याकडं अब्रू झाकायला अमेरिका वापरली," मी म्हटलं. "आमच्याकडं अब्रू काढायला सिंगापूर." आणि तिला पणजोबांची सगळी हकीगत सांगितली.

तिनं चमचा खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "आणि तू इथं राहतेस? अगं, मला पणजीसाठी विमानानं जावं लागतं. तू बसनं जाशील!"

ते कुठल्या वर्षी निघाले ते आधी पक्कं कर, असं तिनं बजावलं. ते आमच्याकडं पक्कं होतं. माझ्या जातीच्या दाखल्याच्या वेळी बाबांनी तहसील कचेरीत खेटे घालून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली होती. कोतवाल बुक म्हणजे गावातले जन्म-मृत्यू ज्यात लिहीत ते. त्यात आजोबांचा जन्म होता. आजोबा रांगत असताना शिमग्याला पणजोबा येऊन गेले, म्हणजे निघाल्याचं वर्ष हाताशी आलं. शिवाय त्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही माहीत होती. आयरिश बाईला त्याचा हेवा वाटला. तिच्या गावात म्हणे दर दुसऱ्या बाईचं नाव एकच.

मी मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी अर्ज केला. नोंद आढळत नाही, असं उत्तर आलं. पुढची वर्षं धरून पुन्हा अर्ज केला. तेच उत्तर. मग मी माणसांकडं वळले. लिटिल इंडियात महिन्याचं सामान भरायला जायचेच. ते झालं की एकेका देवळात जाऊन जुन्याजाणत्यांना विचारायचे, की जपानच्या लढाईच्या आधी इथं हिंदू माणूस मेला तर त्याला कुठं जाळायचे, आणि त्याची नोंद कोण ठेवायचं? हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. एका देवळातल्या तमिळ आजोबांनी मला बसवून घेऊन कॉफी पाजली, जुन्या काळी चिता कुठं पेटायच्या त्या जागा सांगितल्या, आणि मग हात हलवून म्हणाले, "सगळं गेलं. लढाईत माणसं वाचली हेच खूप."

एका मराठी गृहस्थांकडंही गेले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इथं फार जुने. त्यांच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोतून समुद्र दिसतो.

"आमच्याआधी इथं कोण मराठी असणार?" ते म्हणाले. "अहो, आम्ही आलो तेव्हा बोटावर मोजण्याइतकी घरं होती."

"माझे पणजोबा होते."

"असं? कुठल्या बँकेत?"

"बटलर होते," मी म्हटलं.

ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि चिवड्याची वाटी माझ्याकडं सरकवली. मी चिवडा खाल्ला. चांगला होता.

त्यानंतर बरेच दिवस काही हललं नाही. मी कंटाळले आहे हे आयरिश बाईच्या लक्षात आलं. "नोंद सापडत नाही म्हणजे नोंद नाही, असं नसतं," ती म्हणाली. "तू चुकीच्या दारात उभी असशील. घरच्यांना विचार. पण ते कुठं गेले हे नको विचारू, ते त्यांना माहीत नाही. तुमचे लोक तेव्हा कसे राहायचे, ते विचार." मला ते थोडं मोघम वाटलं. आमचे लोक कसे राहायचे हे मला काय विचारायचंय? मी त्याच घरातली.

आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडं राहायला आले. पहिले दोन-चार दिवस ते बाल्कनीत बसून खालच्या बसेस बघत होते. रविवारी आम्ही त्यांना ईस्ट कोस्टला नेलं. समुद्र बघून त्यांना बरं वाटलं, पण लाटाच नाहीत म्हणून त्यांनी नाक मुरडलं. "ह्यो समुद्र की तळं?" तिथल्या हॉकर सेंटरमध्ये केळीच्या पानावर भाजलेला, वर लाल तिखट थापलेला मासा आला. बाबांनी एक घास खाल्ला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगो, ह्यो तर पाकट! आमच्याकडं पाकट कोण खातंय? गरिबाचं खाणं ते."

"आजोबा, इथं हे एक्स्पेन्सिव्ह आहे, लाह," माझी मुलगी इथल्या ढंगात म्हणाली.

"मग मी एवढी वर्सं श्रीमंताचं जेवत व्हतो म्हणायचं," असं म्हणून त्यांनी काट्यापर्यंत साफ केला.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतली एक चिनी म्हातारी वारली. इथं इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, मांडव घालतात आणि काही दिवस शवपेटी तिथंच ठेवतात. लोक येतात, गोल टेबलांभोवती शेंगदाणे सोलत बसतात. संध्याकाळी फिरून येताना बाबा मांडवापाशी थबकले. चपला काढून, हात जोडून उभे राहिले. लिफ्टमध्ये शिरल्यावर मला म्हणाले,

"ही लोकं जाळतात की पुरतात?"

"आता बहुतेक जाळतात. पूर्वी पुरायचे. पण जागा कुठाय? जुन्या दफनभूम्या उकरून फ्लॅट बांधले."

"म्हणजे आमच्यासारकंच."

"काय आमच्यासारखं?"

"आधी पुरायचं, मग जाळायचं."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि मी उतरलेच नाही. "बाबा, आपल्यात पुरायचे?"

"पुरायचेच की. माझ्या आज्जीला पुरली, मी हातानं माती लोटलीय. सरणाला लाकूड कोण देणार व्हता आम्हाला?"

"पण आजोबांना जाळलं. मी पाहिलंय."

"तेव्हा मी नोकरीला व्हतो," बाबा म्हणाले. "लाकडं विकत आणली."

दार मिटायला लागलं तसं त्यांनी ते हातानं अडवलं. "उतरतेस, की परत खाली जायचं?"

"मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस कधी? तू आपली जाळलेल्यांच्या मागं."

रात्रीचा स्वयंपाक करताना मी तोच विचार करत होते. दुसऱ्यांच्या चुलींना मोळ्या पुरवणाऱ्या बाईच्या घरात सरणाला लाकूड नव्हतं. त्यात नवल काही नाही. ज्यांच्याकडं लाकडं त्यांच्यात जाळणं, आमच्याकडं माती. पण आमची परिस्थिती बदलली तसे आम्हीही सरण रचायला लागलो, आणि आधी काय करत होतो ते पोरांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कुणी मुद्दाम लपवलं नाही. बरे दिवस आल्यावर जुन्या गोष्टी कोण काढतं? मी तर पदवी घेऊन, चार परीक्षा देऊन, दोन देशांत हिशेब तपासून, असंच धरून चालले होते की हिंदू नाव म्हणजे चिता. सगळ्या सिंगापूरला मी एकच प्रश्न विचारत होते, आणि तो आमच्या घराचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवताना आयरिश बाईला हे सांगितलं. तिनं टेबलावर अशी थाप मारली की शेजारचे लोक वळून बघायला लागले. "तुझा गरिबखाना सापडला!" म्हणाली. मृत्यूच्या नोंदी वेगळ्या आणि दफनाच्या नोंदी वेगळ्या, हे तिला आयर्लंडमुळं पाठ होतं. एक हरवली तरी दुसरी असू शकते. इथल्या जुन्या दफनभूमीच्या नोंदींची पानं सरकारी संग्रहात स्क्रीनवर बघायला मिळतात, हे तिनंच शोधून काढलं. मग आम्ही दोघींनी एकाच दिवशी रजा टाकली. ऑफिसात कुणीतरी विचारलं, दोघी कुठं? ती म्हणाली, "हिच्या पणजोबांकडं."

पानं धर्मावार होती. ख्रिस्ती पुष्कळ, मुसलमान पुष्कळ. हिंदूंची थोडी, कारण हिंदूंना बहुतेक जाळत. आणि जी होती त्यांतही निम्म्याहून जास्त तान्ही मुलं. जाळणारे लोकसुद्धा तान्ह्यांना पुरतात. वय एक महिना, वय तीन दिवस, अशा ओळींवर ओळी. आयरिश बाई थोड्या वेळानं वाचायची थांबली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी थांबले नाही. मला मोठा माणूस हवा होता, आणि त्या बाळांच्या गर्दीत मोठा माणूस लांबूनही दिसला असता.

तसाच दिसला. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही. धंदा स्वयंपाकी. मुंबई इलाख्यातला. हॉस्पिटलात मलेरियानं वारला. प्रेत ताब्यात घेणाराही एक स्वयंपाकीच, मुंबई इलाख्यातलाच, आणि त्याचं आडनाव आमच्याच बाजूचं. म्हणजे पणजोबांना बेवारशी म्हणून कुणी टाकलं नव्हतं. आपल्यातल्याच माणसानं नेऊन, आपल्यात करतात तसं मातीला दिलं होतं. साहेबानं गावाला का कळवलं नाही आणि त्यानंही का नाही, ते मला माहीत नाही. त्याला लिहिता येत नसेल, गावचा पत्ता माहीत नसेल. तिथं ते लिहिलेलं नाही, आणि मी मनचं काही सांगणार नाही.

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. वर्ष तेच होतं, ज्या वर्षी ते निघाले. महिना आपल्याकडं श्रावणाचा. शिमग्याला गावात असलेला माणूस श्रावणात इथं मातीत गेला होता.

"वर्ष बघ," मी आयरिश बाईला म्हटलं.

तिनं बघितलं. "तेच," म्हणाली. मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर गवार मोडत बसले होते. मी बॅग न ठेवताच सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही, गवार मोडत राहिले.

"महिना कुठला?"

"श्रावण."

"शिमग्याला निघाला." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे साल पण पुरं नाय."

"नाही."

"मडम?"

"वेळच कुठं होता, बाबा?"

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, खूप वेळ. मग पंच्यानं डोळे पुसले आणि गवारीची एक शेंग उचलून बराच वेळ ती नुसती हातात धरून बसले. माझी मुलगी खोलीतून बाहेर आली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, की आजोबा रडतायत की हसतायत? मी म्हटलं, दोन्ही असेल. तिनं त्यांच्यासमोर बसून गवार मोडायला घेतली. तिला मोडता येत नाही. शिरा तशाच राहिल्या.

रविवारी मी बाबांना ती जागा दाखवायला नेलं. आता तिथं दफनभूमी नाही. उंच इमारती आहेत, मुलांची घसरगुंडी आहे, जॉगिंग करणारी माणसं आहेत. कुणी नातेवाईक आले नाहीत अशांच्या अस्थी तिथून काढून, दहन करून, राख समुद्रात सोडली, एवढं मी विचारून ठेवलं होतं. ते मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ त्या इमारतींकडं बघत राहिले.

"म्हणजे शेवटी जाळला तो जाळलाच," म्हणाले.

"हो."

"बरं झालं. समुद्रानं घरला आला असंल."

मग बाकावर बसून त्यांनी गावाला व्हिडिओ कॉल लावला. फोन त्यांच्या लांबच्या चुलतभावानं उचलला. हे काका बाबांच्याच वयाचे, वस्तीतलं सगळ्यात चालतं तोंड.

"काय रे, सिंगापुरात जाऊन गोरा झालास काय?" पलीकडून आवाज आला.

"ऐक. आमचा आजा पळाला नव्हता. त्याच साली मेला. श्रावणात. तापानं."

"कुणी सांगितलं?"

"बायनं शोधलं. सरकारी कागद हाय."

"तिला काय, ती शिकलेली. कायपण शोधील!"

"नाव हाय, बापाचं नाव हाय, आडनाव हाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला, तशी जवळून जाणारी एक बाई कुत्र्याला घेऊन बाजूला झाली. "आणि आपल्याच बाजूच्या माणसानं माती दिलीय. आता सांग."

स्क्रीनवर त्यांच्या कपाळाचा अर्धा भाग आणि छपराचा पत्रा दिसत होता. "आयला," ते म्हणाले. "मग आमच्या आयेनं तुझ्या आज्जीला काय काय ऐकवलं, ते?"

"ते आता राहू दे. दोघीपण गेल्या."

"राहू दे कसं? वस्तीत सांगतो मी. आजच सांगतो. तू कागद पाठव."

मी तिथंच बसून नोंदीचा फोटो त्यांना पाठवला. काकांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून खाली मराठीत सगळं लिहिलं: नाव, धंदा, महिना, आजार, माती कुणी दिली. संध्याकाळपर्यंत गावाकडून बाबांना इतके फोन आले की त्यांनी शेवटी फोन माझ्या मुलीकडं दिला आणि झोपायला गेले.

माझे पणजोबा ज्या वर्षी सिंगापूरला आले त्याच वर्षी तापानं वारले. त्यांनी बायकोला टाकलं नव्हतं, मुलाला टाकलं नव्हतं. पणजीला आणि आजोबांना हे जिवंतपणी कळलं नाही. बाबांना कळलं. ते मी शोधून काढलं, आणि त्याची नोंद आता आमच्या घरी आहे.